पश्चिमेस मी स्वतः

काकांनी उभ्या आयुष्यात एकच खोटं लिहिलं, आणि नेमकं तेच चोरीला गेलं. आजही ते फिरतंय. कुणाची बायको गेली, आई गेली की कुठल्यातरी ग्रुपवर ते येऊन पडतं, खाली हात जोडलेल्यांची आणि रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. नाव असतं दुसऱ्याच कुणाचं, नाहीतर नसतंच. मी उघडत नाही. मला ते पाठ आहे.

काकांचा स्वतःचा ब्लॉग होता, त्यावर ते पहिल्यांदा आलं होतं. तो ब्लॉग आता नाही. तो मी माझ्या हातानं पुसला, काकांनीच सांगितलं म्हणून. तेव्हा त्यांच्याशी कडाकडा भांडले होते मी. 'अहो, पुरावा एवढा एकच आहे आपल्याकडे, तोही घालवता?' ते खुर्चीत बसून राहिले. 'पूस,' एवढंच म्हणाले. पुसला.

माणूस कसा होता ते आधी सांगते, म्हणजे 'एकच खोटं' असं का म्हणते ते कळेल.

काका दस्त लिहायचे. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, मृत्युपत्र. पनवेलच्या कचेरीमागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि घराखाली रस्त्याला लागून दोन गाळे. एकात त्यांचं टेबल, दुसरा मी भाड्यानं घेतलेला. माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. मधली भिंत अर्धीच होती. त्यामुळे त्यांचं बोलणं दिवसभर माझ्या कानात आणि माझ्या मशीनची घरघर त्यांच्या. मी तोंडाची फटकळ, ते हट्टी, रोज एक तरी वाजायचंच. मग वरून जिन्यातून काकू ओरडायच्या, 'अगं, नको त्यांच्या नादी लागूस, चहा घ्यायला वर ये.'

दस्तात खाडाखोड झाली की तिथे सही लागते. बरोबर आहे. पण हा माणूस ते घरातही करायचा. काकूंनी वाण्याच्या यादीत तूरडाळ खोडून मूगडाळ लिहिली, तर शेजारी काकांची बारीक सही. एकदा कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आली, तिच्यात वार चुकला होता. काकांनी वार खोडला, दुरुस्त केला, सही केली आणि पत्रिका परत पाठवली. मुलीचा बाप चिडून दुकानात आला. काका म्हणाले, 'माझ्यावर कसला ओरडतोस, रविवारी तुझ्या मांडवात कुणी आलं नसतं.' तो बिचारा निमूट गेला आणि नवीन पत्रिका छापून घेतल्या. आम्ही आठवडाभर हसत होतो.

पण चतुःसीमेच्या बाबतीत हसायची सोय नव्हती. चतुःसीमा म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते. पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस रस्ता, असं. बाकीचे लिहिणारे जुन्या दस्तातून उतरवून काढायचे. काका स्वतः जाऊन बघायचे. खिशात होकायंत्र, पायात रबरी चपला. नेरे गावी एका म्हातारीच्या वावरात भर श्रावणात गुडघाभर चिखलात उतरले होते. म्हातारी बांधावरून ओरडत होती, 'अवो काका, तुमी कशाला चिखलान जाताव? झार हाय तितं हाय, पलून थोरंच जातंय!' काका गेले, आणि झाड निघालं दुसऱ्याच बाजूला. जुन्या दस्तात ते पूर्वेस लिहिलेलं, प्रत्यक्षात दक्षिणेस. तीस वर्षं तसंच चाललेलं. परत आल्यावर पाय धुताना मला म्हणाले, 'बघ. आपण पाहिलं नाही ते आपण लिहायचं नाही.'

दुसरा हट्ट वाचून दाखवण्याचा. सही घेण्याआधी सगळा दस्त मोठ्यानं वाचायचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कितीही पानं असोत. त्या दिवसांत आमच्याकडे जमिनींचे व्यवहार नुसते धावत होते. गाड्या बाहेर चालू ठेवून लोक यायचे, 'काका, सही कुठे करू तेवढं दाखवा.' काका चष्मा पुसायचे, पाणी प्यायचे आणि सुरुवात करायचे. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, 'न वाचता सही घेतली तर तो दस्त नाही, दरोडा.' एकदा असंच वाचताना कोपऱ्यात बसलेली एक बाई उठली. अंगठा लावणारी, अक्षरशत्रू. म्हणाली, 'थांबा वो. यान माजे बहिनीचं नाव नाय आलं.' तिचे भाऊ तिच्याकडे बघतच राहिले. काकांनी तो दस्त तिथेच टराटरा फाडला. पार्टी गेली, ओळखीचे चार लोक तुटले. काकांना त्याचं काही नव्हतं. त्या रात्री काकूंनी मुद्दाम शिरा केला होता.

असा माणूस.

काकूंच्या किडन्या गेल्या दोन हजार नऊच्या सुमाराला. मूलबाळ नव्हतं. शेवटी अकरा दिवस दवाखान्यात होत्या. काका सकाळ-संध्याकाळ तिथे, मधल्या वेळात मी डबा घेऊन जायची. अकराव्या दिवशी एक दस्त नोंदवायचा होता. माणसं लांबून आली होती. डॉक्टर म्हणाले, आज बरं वाटतंय. काकांचा पाय निघत नव्हता, तेव्हा मीच म्हटलं, 'जा हो तुम्ही, मी बसते.' हे वाक्य मी मनातल्या मनात कितीदा मागे घेतलंय, माझं मला माहीत.

मी स्टुलावर बसले. काकूंचे ओठ सुकत होते म्हणून ओला कापूस लावत राहिले. हाताला सूज होती, बांगड्या रुतत होत्या, त्या हळूहळू वर सरकवल्या. खिडकीबाहेर शेवगा होता, त्याच्यावर एक खार खालीवर करत होती, ती त्यांनी बोट करून मला दाखवली. तीनच्या पुढे श्वास बदलला. मी काकांना फोन लावला. बंद. दस्ताचं काम चालू असलं की ते मोबाईल बंद ठेवायचे. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले, नर्सला हाक मारली, पुन्हा लावला. साडेतीनच्या सुमाराला काकू गेल्या. काका सव्वाचारला आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, 'त्रास झाला?' मी म्हटलं, 'नाही. झोपेतच गेल्या.'

पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगायचे. दुसरा साक्षीदार उरणहून यायचा होता, त्याला उशीर झाला, रांगेत नंबर होता, सोडून येता आलं नाही. दोन साक्षीदारांशिवाय दस्त होत नाही, हे ते समोरच्याला समजावून सांगायचे. समोरचा मान हलवायचा.

ब्लॉग मी त्याच्या आधीच काढून दिला होता. तेव्हा जो तो ब्लॉग लिहीत होता, आणि मला युनिकोडमध्ये टायपिंग शिकायचं होतं, म्हणून म्हटलं, काका, तुम्ही सांगा, मी लिहिते. ते जुन्या बांधांबद्दल, झाडांबद्दल, अंगठा लावणाऱ्या बायकांबद्दल सांगायचे. आठ-दहा लोक वाचायचे. कुणी दोन ओळींची प्रतिक्रिया लिहिली की मला तिची प्रिंट काढायला लावायचे, वर 'मिळाले' असं लिहून तारीख टाकायचे आणि फाईलला टॅगनं बांधायचे.

काकूंच्या तेराव्यानंतर दहा-बारा दिवसांनी ते दुपारचे माझ्या काउंटरपाशी आले. म्हणाले, 'मला सांग. सगळं.' मी सांगितलं. कापूस, बांगड्या, शेवगा, खार. ते वहीत टिपून घेत होते. मला वाटलं, बायकोचं शेवटचं आहे, जपून ठेवायचंय त्यांना. मी एकूण एक सांगितलं. एक गोष्ट सोडून. ती त्यांनी विचारली नाही आणि मीही काढली नाही.

दुसऱ्या दिवशी ते सांगायला बसले आणि मी टाईप करायला.

'पूर्वेस खिडकी व खिडकीपलीकडे शेवग्याचे झाड. दक्षिणेस भिंत. उत्तरेस पडदा व पडद्याआड दुसऱ्या रुग्णाची खाट. पश्चिमेस, लोखंडी स्टुलावर, मी स्वतः. येणेप्रमाणे चतुःसीमा असलेल्या जागेत माझी पत्नी अकरा दिवस राहिली.'

माझे हात थांबले. शेवटच्या दिवसाचं चाललं होतं, पुढे कापूस आला, बांगड्या आल्या, आणि सगळीकडे 'मी'. मी ओठ ओले केले, मी बांगड्या सरकवल्या, तिनं मला खार दाखवली. शेवटची ओळ होती, 'तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि जागेचा ताबा सोडला.'

मी त्यांच्याकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते. 'टाईप कर,' म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मला राग आला. इतका राग आला की कानशिलं तापली. स्टुलावर मी बसले होते. ते पाहणं माझ्या वाट्याला आलं होतं, त्यानंतर पंधरा दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि इथे मी माझ्याच बोटांनी मला त्या खोलीतून बाहेर काढत होते. पण बायको गेलेल्या माणसाशी काय भांडायचं? टाईप केलं. चढवलं.

लेख गावभर झाला म्हणा ना. कुठून कुठून लोकांनी लिहिलं. कुणी अमेरिकेतून, कुणी औरंगाबादहून. काकांची फाईल फुगली. माणूस काकू गेल्यावर पार मोडला होता, तो त्या फाईलवर उभा राहिला. रोज सकाळी विचारायचे, 'आज काही आलं?' मला वाटलं, जाऊ दे, औषध समजू. माझा रागही हळूहळू बसला.

दोन-तीन वर्षं गेली. एके दिवशी खांदा कॉलनीतल्या एक बाई झेरॉक्सला आल्या. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाचा दिवाळी अंक हातात. 'या पानांच्या पंचवीस प्रती द्या हो. आमच्या मंडळातल्या एकांनी पत्नीवर लिहिलंय, परवा वाचन ठेवलंय. काय लिहिलंय, वाचून बघा तुम्ही.' मी अंक उलटा करून काचेवर ठेवायला गेले आणि दिसलं. पूर्वेस खिडकी व खिडकीपलीकडे शेवग्याचे झाड. वर एका गृहस्थांचा फोटो, चष्मा, स्वेटर. आत काकूंच्या नावाच्या जागी दुसरंच नाव. बाकी काना-मात्रा तशीच.

मी पंचवीस प्रती काढून दिल्या. सुचलंच नाही दुसरं काही. सव्विसावी काढून भिंतीपलीकडे दिली.

काकांनी उभ्यानंच वाचलं. मग खाली बसले. त्यांचा आवाज चढला की खालपासून वरपर्यंत इमारत ऐकायची, पण त्या दिवशी आवाजच निघेना. 'माझी मिळकत आहे ही,' म्हणाले. 'माझी बायको आहे ही.' दोन दिवस जेवले नाहीत. मी म्हटलं, आपण अंकवाल्यांना लिहू, ब्लॉगवर तारीख आहे, दाखवू. तर म्हणे, 'कॉम्प्युटरवरची तारीख कोण मानतो? शिक्का कुठाय?' मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात गल्लीतल्या दुसऱ्या लिहिणाऱ्यानं अक्कल पाजळली, 'अहो काका, एवढं काय मनाला लावून घेता? लेख लोकांपर्यंत पोचतोय ना, झालं तर मग!' काकांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या त्याच्या अंगावर ओतला. अख्खा. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्टॅम्प पेपर आणला. कबुलीनामा. त्या गृहस्थांनी लिहून द्यायचं की लेख माझा नाही, मी उचलला. मसुदा काकांचा, टायपिंग माझं. त्यात एक ओळ होती ती मी टाईप करताना पाहिली होती. पाहिली आणि पुढे गेले. म्हटलं, चोराची सही मिळू दे एकदा. मंडळाकडून त्या गृहस्थांचा पत्ता घेऊन दुपारी आम्ही रिक्षा केली. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. साक्षीदार म्हणून एक मी, दुसरा तिथला कुणी शेजारी.

दुसरा मजला, लिफ्ट नाही. दार त्या गृहस्थांनीच उघडलं. मी चार खडे बोल तोंडात तयार ठेवले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, काकांच्या हातातली झेरॉक्स पाहिली आणि म्हणाले, 'तुमचा आहे का तो? या. या ना आत. मी वाटच बघत होतो कुणी येईल म्हणून.'

अशा माणसावर ओरडायचं कसं?

भिंतीवर बायकोचा फोटो, त्याला ताजा हार. त्यांनी पाणी आणलं. म्हणाले, 'मी बँकेत होतो. व्हाउचर सोडून जन्मात काही लिहिलं नाही. ही गेल्यावर मुलीनं मला एक मेल पाठवला, त्यात तो लेख होता. खाली नाव नव्हतं कुणाचं. खोटं नाही सांगत, मेल दाखवतो. मी वाचला आणि, कसं सांगू, हे माझंच आहे असं वाटलं. मीही बसलो होतो ना. एकोणीस दिवस. घरी आंघोळीपुरता यायचो. हिचेही ओठ असेच सुकायचे. हात माझ्या हातात होता शेवटी, बघत होती माझ्याकडे. मला कधी सांगताच आलं नाही ते कुणाला. मग मी हिचं नाव घालून एकदा घरातच वाचलं मोठ्यानं. नंतर मंडळात वाचलं. त्यांनी छापायला घेतलं, तेव्हा नाही म्हणायचं धाडस झालं नाही.'

मग म्हणाले, 'शेवगा तेवढा आमच्याकडे नव्हता. आमच्या खिडकीबाहेर भिंत होती. पण म्हटलं, असू दे. तिला बघायला झाड असू दे.'

काकांनी पिशवीतून स्टॅम्प पेपर काढला. ते गृहस्थ लगेच म्हणाले, 'कुठे सही करू?' पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

'आधी वाचून दाखवतो,' काका म्हणाले.

'नको हो, जे असेल ते कबूल आहे मला.'

'वाचल्याशिवाय सही होत नाही.'

चष्मा पुसला, पाणी प्यायले आणि सुरू केलं. नावं, पत्ते. लिहून देणार ते गृहस्थ, लिहून घेणार काका. 'कारणे कबुलीनामा लिहून देतो की,' त्यांचा तो कचेरीतला खणखणीत आवाज. 'सदर लेख मी लिहिलेला नसून तो लिहून घेणार यांनी लिहिलेला आहे. सदर लेखातील संपूर्ण मजकूर लिहून घेणार यांनी स्वतः...'

तिथे थांबले.

पुढे होतं, 'स्वतः पाहिलेला व अनुभवलेला असून.' मला माहीत होतं. त्यांनी पुन्हा मागची ओळ घेतली. 'सदर लेखातील संपूर्ण मजकूर लिहून घेणार यांनी स्वतः.' पुन्हा थांबले. समोर तो माणूस पेन धरून बसलेला. एकोणीस दिवस बसलेला माणूस. काकांनी माझ्याकडे पाहिलं. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव छापलेलं होतं.

मी म्हटलं, 'वाचा काका. पुढे वाचा.' मनापासून म्हटलं. मी डोळे झाकून सही केली असती.

काकांनी कागदाची घडी घातली. 'यात दुरुस्ती आहे,' म्हणाले आणि उठले.

त्या गृहस्थांना वाटलं, काकांनी माफ केलं. ते रडायला लागले, दारापर्यंत आले, हात जोडून म्हणत राहिले, 'फार मोठं मन आहे हो तुमचं, फार मोठं मन.' काका त्यांच्याकडे न बघता जिना उतरायला लागले.

पहिल्या मजल्याच्या वळणावर ते पायरीवरच बसले. इस्त्रीच्या सदऱ्यासकट. मी दोन पायऱ्या खाली उभी. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी होत होती.

'त्याचं खरं आहे,' म्हणाले. 'त्यानं फक्त कागद चोरला. मी तर...' आणि माझ्याकडे बोट केलं. 'मूळ मालक तू. मला ठाऊक होतं गं टाईप करताना. तुझे हात थांबले होते.'

मी म्हटलं, 'जाऊ दे आता.' पण गेलं नव्हतं, आणि त्यांनी तसं उघड म्हटल्यावर मला रडूच आलं. तीन वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघत होते, ते मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी विचारलं. 'ती काय म्हणाली शेवटी? झोपेत नाही गेली ना?'

'नाही.'

'काय म्हणाली?'

मी पदरानं डोळे पुसले. खोटं बोलायला हवं होतं का? अजून कळत नाही. पण त्या दिवशी त्या जिन्यात आणखी एक खोटं माझ्याच्यानं झालं नसतं.

'विचारत होत्या, आले का. सारखं तेच. आले का, आले का.'

'तू काय सांगितलंस?'

'रिक्षात बसलेत म्हटलं. पोचतायत.'

'तिला पटलं?'

'हो. पटलं.' मला थांबायचं होतं, पण ते बघत होते. 'मग म्हणाल्या, धावतपळत येतील, जेवले नसतील अजून. डब्यातलं ठेव त्यांना थोडं. तेवढंच. त्यानंतर नाही बोलल्या.'

काकांनी कठड्याचा लोखंडी गज धरला. मला वाटलं, रडतील. रडले नाहीत.

'मी रांगेत नव्हतो,' म्हणाले. 'साक्षीदाराला उशीर होता, तेव्हा पार्टीनं मला जेवायला नेलं. मोबाईल खिशातच होता, चालू केला नाही. सुरमई होती. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला होता.'